उरलेल्याचं वजन

१२ जानेवारी

चि. ढब्बूस,

पांढरा कोट घालून पावांची परीक्षा घेणाऱ्या बाईंना ढब्बू म्हणू नये हे मला कळतं, पण माझ्या पेनाला कळत नाही. राग मानू नकोस. फोन न करता पत्र लिहितेय, त्याला कारण आहे. फोन बैठकीच्या खोलीत, आणि फोनाशेजारच्या खुर्चीत तुझे काका. बस चालवणं सुटल्यापासून ते त्या खुर्चीतून उठतात ते फक्त जेवायला आणि झोपायला. त्यांच्यासमोर बोलण्यासारखं हे नाही.

मी जिन्यावरून पडले त्याला आता बरेच महिने झाले. टाके सुकले, केसही परत आले. वास मात्र परत आला नाही. परवा डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, की डोक्याला मार बसला तेव्हा वासाची नस तुटली, आता ती जुळेल अशी आशा धरू नका. जिभेचंही तेच. मीठ आणि साखर पुढ्यात ठेवलीस तर मी दाणा पाहून ओळखीन, चाखून नाही. तुझी आई असती तर म्हणाली असती, बरं झालं, आता ताईला नाकाने कांदे सोलता येणार नाहीत.

तू हसून घे. मला हसू येत नाही. उभ्या जन्मात मी काही मोजलं नाही. सगळं अंदाजपंचे. मीठ मुठीत घेतलं की हाताला कळायचं, आणि हात चुकला तर वाफ नाकाशी येऊन सांगायची. आता दूध करपलं तर धूर दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. गेल्या आठवड्यात सुपात मीठ दोनदा पडलं असावं. काकांनी अख्खा वाडगा संपवला आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. विचारलं तर म्हणाले, छान झालंय. ढब्बू, लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्या जेवणाला 'छान झालंय' याखेरीज दुसरा शब्द वापरलेला नाही. पूर्वी त्याचा अभिमान वाटायचा. आता मी आंधळी आणि वाट दाखवणारा मुका, अशी गत आहे.

तुमच्याकडे सगळं मोजूनमापून करतात ना? मला शिकव. लोक मला मान देत आले तो एवढ्याच एका गोष्टीसाठी. तीही गेली तर मी दिवसभर या घरात करू काय?

तुझी मावशी


२१ जानेवारी

ती. मावशी,

नमस्कार. तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर दुपारभर पावांकडे बघतच बसले. आधी मला सांगितलं का नाहीस?

आता रडगाणं पुरे, शाळा सुरू. सोबतच्या खोक्यात दोन वस्तू आहेत. एक काटा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा. भांडं ठेवायचं, बटण दाबून आकडा शून्य करायचा, मग जिन्नस घालायचा. दुसरा थर्मामीटर, लांब दांडीचा. आल्याबरोबर त्याची परीक्षा घे. पाण्यात भरपूर बर्फ घालून ढवळ, त्यात दांडी बुडव, शून्य दाखवायला हवं. मग खळखळत्या पाण्यात बुडव, शंभरच्या आसपास. चुकत असेल तर किती चुकतो ते लिहून कळव. मापच खोटं असेल तर त्यावर घर कसं बांधायचं?

चमच्याने मीठ मोजू नकोस. बारीक मिठाचा चमचा आणि जाड्या मिठाचा चमचा यांत खूप फरक पडतो, आणि तुझा चमचा कधी सपाट नसतो, शीग लावलेला असतो हे मी लहानपणापासून बघतेय. तयार सूप भांड्यासकट तोल, भांड्याचं वजन वजा कर. एक किलो सुपाला आठ ग्रॅम मिठाने सुरुवात कर. कोंबडी भाजलीस तर मांसाच्या सगळ्यात जाड भागात दांडी खुपस, चौऱ्याहत्तर दाखवल्याशिवाय बाहेर काढू नकोस. पाव आतून चौऱ्याण्णवला तयार होतो. वरचा रंग बघून फसायचं नाही.

राहिला काकांचा प्रश्न. आमच्याकडे नवा पाव निघाला की पूर्वी लोकांना विचारायचो, आवडला का? सगळे हो म्हणायचे. म्हणून आता आम्ही त्यांना विचारत नाही, त्यांच्या बशीत काय उरलं ते तोलतो. तूही तसंच कर. वाढण्याआधी ताट तोल, जेवण झाल्यावर पुन्हा तोल. काका खोटं बोलतील, ताट बोलणार नाही.

तुझी ढब्बू


१९ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

थर्मामीटर बर्फात शून्य आणि उकळीत नव्याण्णव. एका अंशाचा खोटेपणा नवऱ्यातही चालवून घेते, त्यातही घेईन.

पहिले आठ-दहा दिवस तुझी मावशी हवेत होती. माझा पाव बाहेरून जसा दिसायचा तसा दिसायला लागला. शिंपीणबाईंना, त्या खालच्या मजल्यावर शिवणयंत्र घेऊन बसतात ना, त्यांना रोज वाटीभर नेऊन देते. त्या चाखून खरं सांगतात. त्यांचं तोंड फाटकं आहे, पण मला आत्ता तसलंच हवंय. पहिल्या सुपाला त्या म्हणाल्या, अळणी. दुसऱ्याला म्हणाल्या, बरं. तिसऱ्याला वाडगा पुसून खाल्ला. नऊ ग्रॅमवर गाडी थांबली.

पण ताट काही वेगळंच सांगतंय. पहिल्या दिवशी काकांच्या ताटात उरलं ते चमचाभर. म्हटलं ठीक. दुसऱ्या आठवड्यात साठ ग्रॅम, सत्तर ग्रॅम. मी घाबरून मीठ एका ग्रॅमने उतरवलं. शिंपीणबाईंनी लगेच ओळखलं आणि ओरडल्या. यांचं मात्र उरलेलं वाढतच गेलं. पुन्हा नऊवर आले. लोणी वाढवून पाहिलं. वाढताना सूप पासष्ट अंशांवर असेल असं बघितलं, कारण तोंड भाजलं तर माणूस कमी खातो. काल निम्मा वाडगा परत आला. मी स्वयंपाकघरात त्याचं वजन करत होते आणि बाहेरून हे म्हणाले, छान झालं होतं हं.

मला खरं सांग. शिंपीणबाईंना चांगलं लागतं आणि यांना लागत नाही, असं कुठे चुकतंय? वास नाही म्हणून काही सडकं, कुबट माझ्या हातून जात असेल का? या विचाराने मी फडताळातलं सगळं पीठ फेकून नवं आणलं. डबे उकळत्या पाण्याने धुतले. आता आणखी काय धुवू?

तुझी मावशी


२८ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार. हे पत्र मुद्दाम शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे मावशीच्या नकळत तुमच्या हातात पडेल.

मावशी मला तुमच्या ताटात उरलेल्याचं वजन कळवते. तिला वाटतं तिचं मीठ चुकतंय. मी तिचे आकडे दोनदा तपासले. तिचं काहीही चुकत नाहीये. आमच्या चाचणीखोलीतसुद्धा इतकं काटेकोर काम सगळे करत नाहीत. अन्न तेच, मीठ तेच, ऊनही तेवढंच, आणि खाणारा दर आठवड्याला कमी खातो. असं असेल तर दोष अन्नात शोधायचा नसतो, एवढं मला माझ्या कामाने शिकवलंय.

काका, तुम्हाला काय होतंय?

तुमची ढब्बू


७ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. मला पत्र लिहिण्याची सवय नाही. डेपोत रजेचा अर्ज लिहायचो तेवढंच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे.

तू बरोबर ओळखलंस. जठरात गाठ आहे. जानेवारीतच कळलं. जुना कंडक्टर मित्र बरोबर होता, मावशीला सांगितलं की त्याच्याबरोबर फिरायला जातो. मोठ्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, पसरलंय, कापण्यात अर्थ नाही. दुखलं तर गोळ्या दिल्यात. दोन घास खाल्ले की आत दगड भरल्यासारखं होतं. अन्नाचा काही दोष नाही. तिच्या हातचं मला अजून खायचं असतं, जात नाही.

सांगणारच होतो. पण त्याच आठवड्यात तिला कळलं की वास परत येणार नाही. दोन दिवस ती स्वयंपाकघरात नुसती उभी होती. मग तुझं खोकं आलं. तुला दिसत नाही, मला या खुर्चीतून दिसतं. ती काट्यावर वाकून बारीक मीठ घालते, आकडा हलला की पुन्हा चिमूट काढते. थर्मामीटर वर धरून वाचते. कितीतरी दिवसांनी गुणगुणते. चूक मिठाची आहे असं वाटतंय तोवर तिच्या हातात काहीतरी आहे. ते मी काढून घेऊ?

तुझ्याकडे एवढंच मागतो. तिला अजून थोडे दिवस वाटू दे, की चूक मिठाचीच आहे. काहीतरी नवीन माप कळव. मऊ असेल असं.

तुझा काका


१५ मार्च

ती. काका,

तुमचं पत्र वाचून पाव बघायला गेले आणि एक अख्खी रांग न तपासताच पुढे सोडली. नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

मी मावशीला आपणहून सांगणार नाही. पण तिने सरळ विचारलं तर खोटं लिहिणार नाही, आणि मिठाची चूक आहे असं तर मरेपर्यंत लिहिणार नाही. ते तिच्या हाताला कलंक लावल्यासारखं होईल. तुम्हीच सांगा काका. लवकर सांगा. तुमच्याजवळ वेळ आहे तो तिचाही आहे, त्यातला तिचा वाटा तुम्ही एकटे खर्च करताय.

ढब्बू


१५ मार्च

ती. मावशी,

नमस्कार. इकडे थंडी कमी झाली. वरिष्ठ बाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेले गृहस्थ थर्मामीटरला घाबरतात.

तुला आज कस्टर्ड शिकवते. काकांना मऊ काही बरं वाटेल. अर्धा लिटर दूध, चार अंड्यांचा पिवळा बलक, साठ ग्रॅम साखर. मंद आचेवर सतत ढवळत राहा आणि दांडी भांड्यात धरून ठेव. ब्याऐंशीला उतरव. त्याच्या खाली पातळ राहतं, आणि पंच्याऐंशीच्या पुढे गेलं की अंडं फुटून गुठळ्या होतात, मग कुणाच्या बापाला नीट करता येत नाही. उतरवल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात ओत, नाहीतर गरम भांडंच त्याला पुढे शिजवतं. गार झालं की छोट्या वाटीत दे. मोठं ताट नको.

स्वतःही जेवत जा.

तुझी ढब्बू


३ एप्रिल

चि. ढब्बूस,

कस्टर्ड ब्याऐंशीला उतरवलं. शिंपीणबाई म्हणाल्या, दुकानातल्याहून बरं. यांनी दोन चमचे खाल्ले.

मी तुला विचारलं होतं, माझं कुठे चुकतंय. तू कस्टर्ड शिकवलंस. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात मिठाचा म नाही. तू अशी पोर आहेस, की चुकलं असतं तर दोन पानं फैलावर घेतलं असतंस. तू गप्प बसलीस तेव्हा मला कळलं, की माझं काही चुकत नाहीये. आणि माझं चुकत नसेल तर राहिलं काय?

त्यात शिंपीणबाई बोलून गेल्या. मी वाटी न्यायला गेले, तर त्यांच्या यंत्राखाली यांची करडी विजार. कमरेत आत घेत होत्या. मी बघितलं तसा त्यांनी हात ठेवला वर. म्हणाल्या, ही तिसरी. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं हो.

वर आले. यांच्या समोरच्या स्टुलावर बसले. म्हटलं, "तुमच्या ताटाचं वजन मला कळतं, आणि तुमचं कळणार नाही असं वाटलं तुम्हाला?"

त्यांनी फोनाकडे बघितलं, जणू तो वाजला तर सुटका होईल. मग सगळं सांगितलं. तुला पत्र लिहिल्याचंही सांगितलं. मी खूप बोलले त्यांना, ढब्बू. शेजारी ऐकतील याची पर्वा केली नाही. मी आठ ग्रॅम का नऊ ग्रॅम करत इथे जीव काढतेय, आणि तुम्ही त्या खुर्चीत बसून माझी गंमत बघत होतात का, असं म्हटलं. ते म्हणाले, गंमत नाही, तुला बघत होतो.

तुझ्यावर रागावले होते. दोन दिवस. मग तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं, मोठं ताट नको, हे तू कसं लिहिलं असशील ते दिसलं. राग गेला.

रजा मिळाली तर ये.

मावशी


११ एप्रिल

ती. मावशी,

मे महिन्यात रजा मिळतेय. येते. तोवर त्यांना एका वेळी शंभर ग्रॅमच वाढ, दिवसातून बऱ्याच वेळा. आणि आता उरलेलं तोलू नकोस. त्याची गरज राहिली नाही. मला कळलं होतं ते मी सांगितलं नाही, तरी तू दोनच दिवस रागावलीस, त्याचंच जास्त लागलं.

येताना काही आणू का?

ढब्बू


६ जुलै

चि. ढब्बूस,

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. तू मेमध्ये आलीस तेव्हा ते हसतबोलत होते, आणि जूनमध्ये परत आलीस ती त्यांना पोचवायला. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं. डेपोतले सगळे आले होते, कोण कुठे बसलं याचा पत्ता नव्हता. त्यामुळे तुला एक गोष्ट सांगायची राहिली. ती मला एकटीला ठेवून घ्यायची नाही.

ते जायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी जरा हुशारी वाटत होती त्यांना. मी काट्यावर तांदूळ तोलत होते, पातळ मऊ भात करून द्यावा म्हणून. खुर्ची आपण स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली होती ना, तिथून बघत होते. म्हणाले, आज काटा बाजूला ठेव, पहिल्यासारखं कर.

मी म्हटलं, मला जमणार नाही, हात विसरला. ते म्हणाले, विसरला तर विसरला. मग केलं. तांदूळ मुठीने घेतले, पाणी डोळ्यांनी, मीठ बोटांनी. ऊन किती आहे ते मनगटावर थेंब टाकून बघितलं. वाटीत घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि चमचा दिला.

तोंडात घेतला. गिळायला वेळ लागला. मी दरवेळचा शब्द ऐकायच्या तयारीने बसले होते.

म्हणाले, "मीठ जास्त झालंय गं."

ढब्बू, मी विचारलं, किती जास्त? म्हणाले, बरंच. आणि आम्ही दोघं हसायला लागलो. त्यांना हसताना दुखत होतं, तरी थांबेनात. मी म्हटलं, इतक्या वर्षांत आजच सापडलं का? तर म्हणाले, नाही, पुष्कळ सापडलंय, बोलायची सवय नव्हती. मग दुपारभर सांगत बसले. मध्येच डोळा लागायचा, उठले की पुन्हा सुरू. डब्यात मी पावाला लोणी इतकं लावायचे, की स्टिअरिंगला हात चिकटायचा. चहा इतका कडक, की पहिली फेरी संपेपर्यंत तोंड कडू. तुझं कस्टर्ड त्यांना अजिबात आवडत नाही, अंड्याचा वास येतो म्हणाले, पण मी थर्मामीटर धरून इतकी निश्चल उभी असायचे, की नको कसं म्हणायचं? आणि गाजर. सुपातलं गाजर त्यांना लग्नाच्या आधीपासून आवडत नव्हतं. इतकी वर्षं मी घालत आले, इतकी वर्षं ते न चावता गिळत आले. मी म्हटलं, एकदा सांगितलं असतं तर? म्हणाले, पहिल्या दिवशी सांगायला लाजलो, दुसऱ्या दिवशी म्हटलं आता उशीर झाला.

मला किती राग यायला हवा होता, सांग. आणि मी काय केलं, तर आणखी विचारत गेले. मटारांचं काय? पावाची कड? ते सांगत होते आणि मी ऐकत होते. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात बोलायचं ते आम्ही त्या दुपारी बोललो. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. भात मी तसाच ठेवून दिला होता, नंतर शिंपीणबाईंनी चाखून बघितला आणि थुंकला. खरंच फार खारट होता.

ते गेल्यावर शेजारून डबे यायचे. कुणाचंही खाल्लं तरी मला सारखंच, ऊन नाही तर गार, एवढाच फरक. कालपासून डबे नकोत म्हणून सांगितलं. तू शिकवलेल्या सुपाची मापं निम्मी केली, मग त्या निम्म्याची पुन्हा निम्मी. छोटं पातेलं नव्हतं, मोठ्याच पातेल्याच्या तळाशी ते सूप एवढंसं दिसत होतं. मीठ मोजून घातलं, कारण जास्त झालं तर सांगणार कोण?

भाजीवालीने नेहमीप्रमाणे दोन गाजरं आपणहून पिशवीत टाकली होती. ती मी खाली शिंपीणबाईंना देऊन आले.

तुझी
मावशी